खैरद्याच्या न बांधलेल्या पुलाचे दगड

मी, प्रमिलाबाई, कै. पुना धनजी सिसोदे यांची पत्नी, वय सत्तेचाळीस, धंदा शेती व लोकसभेचे सदस्यत्व, कायमची राहणार मौजे खैरदे, सोनगीरवरून आत, जिल्हा धुळे, सध्या मुक्काम जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. पुढच्या आठवड्यात मुंबईस पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. सतरा वर्षे मी मंत्र्यांच्या तोंडून हेच वाक्य ऐकत आले आहे, म्हणून कागद करून ठेवते.

१. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हटल्यास ते खोटे समजावे. एक टाईप केलेला मसुदा मात्र अस्तित्वात आहे. त्याची हकीकत इथेच लिहिते, म्हणजे पुढे वाद नको.

माझे धाकटे दीर झुलाल धनजी, ज्यांना सगळा तालुका नाना म्हणतो, आणि त्यांचा मुलगा मोतीलाल मला भेटायला जळगावला आले. सोबत मोसंबी होती आणि स्टँपपेपर होता.

"काकू, फक्त शेवटच्या पानावर सही," मोतीलाल म्हणाला.

"वाचू तरी दे."

"वाचण्यासारखं काही नाही त्यात. सगळ्यांची अशीच असतात."

"मोतीलाल, दिल्लीत पुष्कळदा पक्षाने सांगितलं तसा हात वर केला. इथे तरी वाचू दे."

वाचले. घर, शेत, सोने, सगळे मोतीलालला. त्याचे मला नवल वाटले नाही. पण सहावे कलम असे होते: "माझा राजकीय वारसा व लोकसभेतील जागा माझा पुतण्या चि. मोतीलाल यास देत आहे."

मी नानांना विचारले, "जागा कशी देता येईल? ती काय माझ्या सातबाऱ्यावर आहे?"

"वहिनी, लोक कागद मानतात. तुमच्या हातचा कागद सभेत वाचून दाखवला की याचं तिकीट कोण कापतो ते बघू."

"आणि मी ऑपरेशनमधून उठले तर?"

नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तर काय, चांगलंच आहे." मोतीलालने मोसंबे सोलायला घेतले.

तो मसुदा मी परत दिला. मोसंबी ठेवून घेतली.

२. जागेबद्दल माझे म्हणणे असे. ती माझी नाही, म्हणून मी ती कोणाला देत नाही. माझा फोटो, माझे नाव, "वहिनींची शेवटची इच्छा" असे शब्द कोणत्याही निवडणुकीत कोणी वापरू नयेत. वापरल्यास हे कलम त्याच सभेत मोठ्याने वाचावे.

मलाही ती जागा वारशानेच मिळाली, हे मी विसरलेले नाही. माझे यजमान, आबा, बावन्न साली पहिल्या लोकसभेवर निवडून गेले. छप्पन्नच्या डिसेंबरात ते वारले. निवडणूक तोंडावर. नानांना उभे राहायचे होते, पण त्यांच्यामागे तेव्हा सोसायटीच्या चौकशीचे झेंगट होते. शेवटी आमच्या ओसरीवर जमलेल्या पंधरा-वीस पुरुषांनी ठरवले की या खेपेला विधवेला उभे करू, पुढच्या खेपेला नाना. मी आत स्वयंपाकघरात होते. मला विचारायला कोणी आले नाही. चहाचे कप परत आले, तेव्हा कप आणणाऱ्या मुलीने सांगितले की काकू, तुम्ही दिल्लीला जाणार.

पहिल्या सभेत नानांनी माझी ओळख करून दिली ती अशी: "या आमच्या वहिनी. यांना बोलता येत नाही, पण मत यांनाच द्या." तेव्हापासून धुळे-जळगाव दोन्ही जिल्हे मला वहिनी म्हणतात. मी चार वेळा निवडून आले. पुढची खेप नानांना काही मिळाली नाही, ही त्यांची तक्रार रास्त आहे. मी बसले ती उठलेच नाही. बोलायला मात्र शिकले.

३. दिल्लीतील सरकारी घर, त्यातील खाटा, पंखे, पडदे आणि अंगणातले कडुनिंबाचे झाड माझे नाही. रेल्वेचा पास परत करावा. मोतीलालला तो फार आवडतो, पण त्यावर त्याला प्रवास करता येणार नाही.

४. माझ्या नावावर खैरदे येथे नदीकाठचे साडेसात एकर शेत आहे. हे शेत माझ्याकडे कसे आले, हे सांगितल्याशिवाय त्याची विल्हेवाट लावता येत नाही.

छप्पन्नच्या उन्हाळ्यात आबा दिल्लीहून आले, तेव्हा हिंदू वारसा कायदा नुकताच मंजूर झाला होता. जेवताना म्हणाले, "तुम्हा बायकांसाठी एक कायदा करून आलो. नवऱ्याच्या मागे बायकोला जमीन, पूर्ण मालकीची."

मी विचारले, "तुम्ही बाजूने मत दिलं?"

"द्यावंच लागलं. पक्षाचा आदेश होता." मग भाकरी मोडत म्हणाले, "आपल्या घरात त्याचा काय उपयोग, म्हणा."

सहा महिन्यांनी ते गेले आणि त्यांच्याच घरात तो उपयोगी पडला. नाना म्हणत होते, वहिनीला खायला काय कमी आहे, जमीन कशाला? मी कायद्याची छापील प्रत त्यांच्यासमोर ठेवली. ती आबांच्याच ट्रंकेत होती. त्यांनी त्यावर एका ठिकाणी पेन्सिलने खूण केली होती, नेमकी विधवेच्या हक्काच्या ओळीवर. आदेश होता म्हणून मत दिले असे ते म्हणाले होते. त्या खुणेबद्दल मात्र काही बोलले नव्हते. मी ती खूण कोणाला दाखवली नाही. आज इथे लिहिते, कारण माणूस जेवताना बोलला त्याहून चांगला होता, हे कुठेतरी नोंदलेले असावे.

वाटणी झाली. नानांनी चांगली काळी जमीन ठेवली आणि मला नदीकाठचे शेत दिले, जे दर चार-पाच वर्षांनी पुरात खरवडून निघते.

हे शेत मी माझी पुतणी, नानांची मुलगी, सौ. सुनंदा हिला देत आहे. नानांनी तिला काही दिले नाही. तिने मागितलेही नाही. या शेताबरोबर एक जबाबदारी आहे. ती कलम सातमध्ये लिहिली आहे. त्याआधी पुलाविषयी.

५. खैरदे आणि पलीकडचे मेथळे यांच्यामधून नदी जाते. मेथळ्याची मुले शाळेला, दूध विकणारे सोनगीरच्या हमरस्त्याला, बाया दळण घेऊन गिरणीला, सगळे ही नदी ओलांडून येतात. पावसाळ्यात चार-चार दिवस कोणी येऊ शकत नाही. या नदीवर पूल व्हावा एवढे एकच मागणे लोकांनी आबांजवळ मांडले, आणि मग माझ्याजवळ.

मी लोकसभेत प्रश्न विचारला. मंत्री उभे राहिले आणि म्हणाले, हा विषय राज्य सरकारच्या अखत्यारीतला आहे. मी मुंबईला गेले. तिथे म्हणाले, हा गावरस्ता आहे, जिल्ह्याकडे जा. जिल्ह्यात म्हणाले, एवढा मोठा पूल आमच्या ताकदीबाहेरचा, वहिनी, तुम्ही तर दिल्लीत असता, केंद्रातून काही आणा ना. मग मी पुन्हा दिल्लीत प्रश्न विचारला. मंत्री बदलले होते. उत्तर तेच होते.

हे मी गाऱ्हाणे म्हणून लिहीत नाही. किंबहुना गाऱ्हाणे म्हणूनच लिहिते. मृत्युपत्रात खोटे कशाला? बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला तेव्हा मी त्या सभागृहात होते. हुंडाबंदीच्या वेळी बोलले. (पुढे मोतीलालच्या लग्नात नानांनी मला न कळवता मोटारसायकल घेतली. ती अजून चालते.) कुठल्याशा शहरातल्या कारखान्यात एखादी बाई तान्ह्या लेकराला घेऊन पगारी रजेवर बसत असेल, तिला माझे नाव माहीत असण्याचे कारण नाही. मी केलेले खैरद्यात कोणाला दिसत नाही, आणि खैरद्यात दिसायला हवे ते माझ्या हातात नव्हते. सतरा वर्षांत हे मला एकालाही समजावून सांगता आलेले नाही. लोक ऐकून घेतात, मान हलवतात, आणि शेवटी विचारतात, "ते बठ्ठं खरं शे, वहिनी. पण पूल कवय व्हई?"

पूल झाला नाही. कोनशिला मात्र झाल्या.

पहिली आबांनी बसवली, छप्पन्नच्या ऑक्टोबरात, खैरद्याच्या काठावर, पिंपळाखाली. दुसरी मी, एकसष्ट साली, निवडणुकीच्या अगोदर. ती मेथळ्याच्या काठावर बसवली, आणि पहिलीच्या समोर नव्हे, बरीच खालच्या अंगाला, कारण पाहुण्यांच्या मांडवाला सावली हवी होती आणि तिथे चिंचेचे झाड होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. तिसरी सहासष्ट साली, त्याच चिंचेजवळ. सोनगीरचे कापड दुकानदार माणकचंदभाऊ दर वेळी दगडावर टाकायला लाल साटिनचा पडदा देत आणि दर वेळी परत नेत. तिसऱ्या वेळी पडद्याची घडी घालताना म्हणाले, "वहिनी, कापड तेच आहे, दगड तेवढा नवा येतो."

पासष्टच्या जूनमध्ये सुनंदाचे लग्न होते. मुलगा मेथळ्याचा, यशोदाअक्कांचा थोरला. गोरज मुहूर्त. वऱ्हाड पलीकडच्या काठावर आले आणि वरच्या अंगाला कुठे पाऊस पडला असेल, नदी फुगली. नाना फेटा बांधून काठावर उभे. पलीकडे नवरदेव. मुहूर्त टळू लागला, तेव्हा भटजी म्हणाले, अंतरपाट नाहीतरी धरायचाच असतो, आज नदीनेच धरला असे समजू. त्यांनी मंगलाष्टका ओरडून म्हटल्या. दोन्ही काठांवरून अक्षता पाण्यात पडल्या. मी चिखलात उभी होते आणि पलीकडे माझा दगड स्पष्ट दिसत होता. तेवढ्यात पलीकडच्या गर्दीतून कोणीतरी हाक मारली:

"ओ वहिनी! पूलवरथीन या ना!"

दोन्ही काठ हसले. मीही हसले. दुसरे काय करणार? सुनंदा माझ्या कानाशी लागून विचारत होती, "काकू, ते तिसरे उभे आहेत ना, उंचसे, तेच का?" मला इतक्या दुरून ओळखता येईना. मी म्हटले, "हो, तेच." हार दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर घातले, तेव्हा कळले की तो तिसरा नव्हता, पाचवा होता. सुनंदा आजही मला त्यावरून चिडवते.

सदुसष्टची निवडणूक झाली. पावसाळा आला, गेला. दसऱ्याच्या सुमारास यशोदाअक्का बैलगाडी घेऊन माझ्या दारात आल्या. गाडीत तिसरी कोनशिला होती, चौथऱ्यातून उकरून काढलेली, माझ्या नावासकट.

"वहिनी, हाऊ तुमना दगड. आम्हले पूल जोयजे व्हता. दगड आम्हनाकडे गंज शेतस, नदीभर."

नाना ओसरीवरून धावत आले. "विहीणबाई, लाज वाटत नाही का? वहिनीचा असा अपमान?"

अक्का गाडीवरून उतरल्याही नाहीत. "लाज काबरं, व्याहीबुवा? दगडच परत लई उनू ना, तुमनी पोर तं नही!"

त्या दिवशी मला रडू आले. दिल्लीला कधी आले नव्हते. पण अक्कांनी एक वाट पाडून दिली. मग इतर गावांनीही सुरू केले. जिथे काम झाले नाही, तिथला दगड गाडीत घालून माझ्या दारात. एक शाळेचा आला. एक जनावरांच्या दवाखान्याचा आला. आबांचा दगडही आला; तो आणणाऱ्याने टोपी काढली, दगड उतरवला आणि गाडी वळवली. लोक मला मते देत राहिले आणि दगड परत आणत राहिले. दोन्ही एकाच प्रेमाने, असे मी मानते, कारण दुसरे काही मानले तर झोप लागणार नाही.

एकाहत्तरच्या निवडणुकीत मी कोनशिला बसवायला साफ नकार दिला. नानांनी ती मला न सांगता जळगावहून करून आणली. पांढरा संगमरवर. त्यावर माझे नाव मोठे, आणि खाली "व युवक कार्यकर्ते श्री. मोतीलाल झुलाल सिसोदे". मी म्हटले, हा दगड काठावर गेला तर मी अर्ज मागे घेईन. तो गेला नाही. माझ्या अंगणातच राहिला, पोत्यात गुंडाळलेला.

६. आता दुष्काळाचे वर्ष. बहात्तर साली पाऊस झाला नाही. सरकारने दुष्काळी कामे काढली. दोन्ही गावांतल्या बायांनी उन्हात बसून खडी फोडली. खैरद्याकडून नदीपर्यंत रस्ता करायचा आणि मेथळ्याकडून नदीपर्यंत रस्ता करायचा, मध्ये पूल मागाहून, असे ठरले. मी त्या उन्हात दर पंधरवड्याला जात होते. मला वाटले, या खेपेला होईल. माझ्या आयुष्यात इतकी आशा मला दुसऱ्या कशाची वाटली नाही.

खैरद्याच्या टोळीने रस्ता पिंपळाकडे नेला, कारण तिथे आबांच्या कोनशिलेचा चौथरा होता. पूल तिथेच होणार, हे लहान मूलही जाणत होते. मेथळ्याच्या टोळीने रस्ता चिंचेकडे नेला, कारण तिथे माझ्या कोनशिलेचा चौथरा होता. त्यांच्यासाठी पूल तिथे होणार होता. दगड केव्हाच माझ्या दारात आले होते, पण चौथरे जागेवर होते. दोन्ही रस्ते पक्के झाले, रोलर फिरला, आणि नदीकाठी पोचले तेव्हा एकमेकांसमोर नव्हते. एका रस्त्याच्या टोकावरून दुसऱ्याच्या टोकाला हाक मारावी लागते, तीही तिरपी.

कोणी जाणूनबुजून केले नाही. दोन्ही गावांनी आम्हा नवरा-बायकोच्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढेच झाले.

इंजिनियर आले, पाहिले, डोक्यावर हॅट होती ती काढली. म्हणाले, "बाई, पूल तिरपा बांधत नसतात." फाईल परत गेली.

रस्ते जुळवायचे तर खैरद्याचा रस्ता माझ्या शेतातून वळवून खाली आणावा लागतो. दुसरा मार्ग नाही. मी लगेच लिहून दिले की माझ्या शेताची काठालगतची पट्टी मोफत घ्या. कचेरीचे उत्तर आले: पुलाची रेषा ठरल्याशिवाय जमीन घेता येत नाही. मी विचारले, रेषा केव्हा ठरेल? उत्तर आले: जमीन ताब्यात आल्यावर. ही दोन्ही उत्तरे मी एकाच पिनेला लावून ठेवली आहेत. ती माझ्याबरोबर जाळली तरी चालतील.

नाना म्हणाले, "वहिनी, कशाला एवढी घाई? पुढच्या निवडणुकीला मोतीलालला काहीतरी सांगायला नको का?"

तेव्हा मला कळले की पूल न होणे हीच आमच्या घरची खरी इस्टेट आहे. तीच मोतीलालला वारशाने हवी आहे. मी ती देणार नाही.

७. म्हणून कलम चारमधील शेत सुनंदाला या अटीवर देत आहे: रेषा जेव्हा ठरेल तेव्हा, कितीही वर्षांनी असो, कोणतेही सरकार असो, काठालगतची पट्टी तिने रस्त्यासाठी विनामूल्य द्यावी. एकच शर्त तिने घालावी: त्या पुलाला माझे, आबांचे किंवा सिसोदे घराण्यातील कोणाचेही नाव देऊ नये, आणि कोनशिला बसवू नये. नारळ फोडायला हरकत नाही. तो खाता येतो.

तोवर तिने ते शेत कसावे आणि पिकेल ते खावे. शेत विकायचा किंवा त्याच्यावर माझे स्मारक करायचा प्रयत्न नानांनी किंवा मोतीलालने केल्यास तिने यशोदाअक्कांना पुढे करावे. मला याहून चांगला वकील माहीत नाही.

८. माझ्या लग्नातल्या पाटल्या आणि आबांनी जळगावला घेऊन दिलेली मोहनमाळ सुनंदाच्या दोन मुलींना. सोनगीरचे तांब्याचे हंडे व पितळी भांडी दोन्ही गावांच्या पंगतीला उसनी जात होती, तशीच जात राहावीत; ती खैरद्याच्या मारुतीच्या देवळात ठेवावीत. पोस्टात जे काही असेल त्यातून कलम दहाचे काम करावे, उरेल ते सुनंदाचे.

लोकसभेतील कामकाजाचे बांधलेले खंड मी ज्या शाळेत शिकले त्या बोदवडच्या शाळेला द्यावेत. कोणी उघडणार नाही, हे मला माहीत आहे. पण माझे वडील तिथल्या जिनिंगमध्ये कापूस तोलत, आणि मला सातवीपर्यंत शिकवले म्हणून भावकीने त्यांना नावे ठेवली होती. ते खंड त्या कपाटात दिसावेत.

९. नानांना मी जमीन देत नाही. त्यांना पुष्कळ आहे. पण आबांच्या शेवटच्या आजारात त्यांच्या उशाशी नाना बसून होते, जेवायलाही उठत नव्हते, आणि आबा गेले तेव्हा ते लहान मुलासारखे जमिनीवर लोळले होते. हे मी पाहिले आहे. नंतरची सतरा वर्षे मी त्यांच्याशी भांडले, तरी ते मला पुसता आले नाही. आबांचे हातातले घड्याळ नानांना द्यावे. ते मागे पडते. रोज किल्ली द्यावी लागते.

मोतीलालला एक सल्ला देते. निवडणुकीला उभे राहायचे असेल तर खुशाल राहावे, पण आधी एक पावसाळा मेथळ्यात काढावा.

लाल साटिनच्या पडद्याबद्दल लिहायचे राहिले. तो माणकचंदभाऊंनी शेवटच्या खेपेला मात्र माझ्याकडेच ठेवला, "आता न्यायला नको, परत आणावाच लागतो" म्हणून. त्याचे सुनंदाच्या मुलींना परकर शिवावेत.

१०. आता दगडांचे. माझ्या अंगणात आज नऊ कोनशिला आहेत. मी गेल्यावर कोणीतरी त्यांचा चौथरा करील आणि वर माझा पुतळा बसवील, ही मला खरी धास्ती आहे. तसे होऊ नये. त्या फोडूही नयेत. पाथरवटाने त्यावर मन लावून काम केले आहे.

पावसाळा संपला की, दसऱ्यानंतर, नदीची धार अरुंद होते. गुडघ्याएवढे पाणी राहते. तेव्हा बाया लुगडी खोचून, डोक्यावर दळण घेऊन, गार पाण्यातून येतात. होळीपर्यंत हेच चालते. त्या दिवसांत हे नऊ दगड बैलगाडीने नदीवर न्यावेत आणि आबांच्या रस्त्याच्या टोकापासून माझ्या रस्त्याच्या टोकाकडे जी तिरपी वाट जाते, त्या वाटेवर, जिथे धार आहे तिथे, एक पाऊल टाकण्याइतक्या अंतरावर बसवावेत. खाली खडी घालावी, म्हणजे हलणार नाहीत. दुष्काळात बायांनी फोडलेली खडी काठावर अजून पडली आहे. पूल तिरपा बांधत नसतात. पायाला तिरपे चालते.

पहिला दगड आबांचा. मोतीलालच्या नावाचा संगमरवरी मधोमध, जिथे पाणी जास्त आहे. त्याला लोकांच्या पायाखाली जायची सवय झालेली बरी.

पुरात हे दगड बुडतील आणि कामाचे राहणार नाहीत, हे मी जाणते. हा पूल नव्हे. पूल मागणे लोकांनी सोडू नये. पावसाळ्यानंतर एखादा वाहून गेला असेल तर शोधून परत बसवावा.

११. वरील दहा कलमे मी साक्षीदारांना वाचून दाखवली. यशोदाअक्का मेथळ्याहून पहाटेच्या एस.टी.ने मुद्दाम आल्या आहेत. त्यांनी सगळे ऐकले, आणि दहाव्या कलमावर अडल्या.

"वहिनी, अक्षरं खाले ठेवतस ना?"

मी म्हटले, त्याचा विचार केलेला नाही.

"खालेच ठेवा. अक्षरले पाय लागना तं पाप लागस. आनि तुमनं नाव शे त्यावर. आबानं नाव शे. बाया पाय ठेवाऊत नहीत, पाणीमाच उतरतीन."

शेजारी बसलेल्या माणकचंदभाऊंनीही मान हलवली. त्यांच्या दुकानात कागदाला पाय लागला तरी ते कागद उचलून कपाळाला लावतात. अक्कांचे खरे होते. दगड पालथे घातले तर कोणाला संकोच नाही. नावे मातीत जातील, तीही बरीच गोष्ट.

मग मला अंगणातल्या संगमरवराची आठवण झाली. गेल्या पावसाळ्यात पोते फाटले आणि त्याची गुळगुळीत मागची बाजू वर आली, तेव्हा त्यावरून मी स्वतः घसरून पडले होते. कोरलेली बाजू मात्र ओली असली तरी पाय धरते. अक्षरांच्या खाचांत बोटे बसतात.

मी म्हटले, "अक्का, डोक्यावर पीठ असतं. पालथ्या दगडावर पाय घसरेल."

अक्कांनी पायाचा अंगठा जमिनीवर घासून पाहिला. मग म्हणाल्या, "मंग लिखा. पण असं बी लिखा की वहिनीनी सांगेल शे, म्हनीसन पाप नही."

त्याप्रमाणे लिहिते. दगड अक्षरे वर करून बसवावेत. त्यावर पाय ठेवणाऱ्याला पाप लागत नाही. मी सांगितले आहे. कोणी वाकून नमस्कार करू नये, तोल जातो. नावे झिजतील तेव्हा नवीन खाचा पाडून घ्याव्यात, आडव्या, नुसत्या रेघा, ज्यांवर ओला पाय ठरेल. तिथे पुन्हा कोणाचे नाव कोरू नये.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम माणकचंद दीपचंद यांच्याकडे सोपवले आहे. त्यांनी ते, "पडदा लागणार नाही ना?" एवढे विचारून, स्वीकारले आहे.

वर लिहिलेले सर्व माझे आहे, खाडाखोडीसह. कोणी लिहायला लावले नाही. कोणी अडवले, पण मी थांबले नाही.

मुक्काम जळगाव, दिनांक १८ मार्च १९७४.

सही: प्रमिलाबाई पुना सिसोदे

आमच्या समक्ष सही केली:

१. माणकचंद दीपचंद, कापड दुकान, सोनगीर.

२. यशोदाबाई, राहणार मेथळे, नदीपलीकडे. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.